थोंगदामची दी

बान नोंग-वा गावात मुतखडा झाला म्हणून कुणी घाबरत नाही. ऊन तसलं, पाणी तसलं, दिवसभर शेतात घाम गाळायचा आणि प्यायचं घोटभर. मग खडे नाही होणार तर काय मोती होतील? पडलेला खडा माणसं बाटलीत घालून ठेवतात आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. थोंगदामच्या डाव्या बाजूला असाच एक मुतखडा होता, वर्षानुवर्षांचा. त्याच्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. घोडं अडलं ते उजव्या बाजूच्या खड्यांपाशी.

ते होते पित्ताच्या पिशवीत. आणि आमच्या बोलीत पित्ताच्या पिशवीला म्हणतात दी. चांगल्यालाही दीच म्हणतात. अमक्यात दी नाही, असं कुणी म्हणालं की समजायचं, तो माणूस कामातून गेला. मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण तरुण पोर, तिला कसलं भान! तिनं त्याला लुंग, म्हणजे काका म्हणत सरळ सांगून टाकलं, "लुंग, दी काढून टाकू या. एकदा काढली की सुटलात." थोंगदाम गोड हसला, बरं म्हणाला, घरी आला, आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही.

फिरकणार कसा? गावात लग्न असो, नवं घर असो, कुणाचं दिवसकार्य असो, लाप करायला थोंगदामच लागायचा. गोमांसाचा कच्चा खिमा, भाजून कुटलेले तांदूळ, तिखट, पुदिना, आणि शेवटी बैलाच्या पित्ताचे थेंब. ते थेंब किती टाकायचे हे फक्त थोंगदामच्या जिभेला कळतं, असं गाव मानायचं. बाकी त्याच्याकडे होतं काय? चार तुकडे शेत, एक म्हातारी म्हैस आणि हा मान.

शेजारच्या वाडीत फूमी नावाचा आणखी एक लापवाला होता. हातानं थोंगदामपेक्षा कणभर सरसच म्हणा ना. त्याची दी इस्पितळात काढली, तेव्हा थोंगदामनं भर पंगतीत तोंड उघडलं होतं. "ज्याच्या पोटातच दी नाही, त्याच्या लापात कुठून उतरायची?" लोक खो खो हसले. हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं, पण तसं झालं नाही. फूमीला बोलावणी यायची बंद झाली. दोन सुरे फडक्यात गुंडाळून तो जो घरी बसला, तो बसलाच. आणि आता तेच बोलणं थोंगदामच्या अंगाशी आलं होतं. दी काढली तर फूमी व्हायचं, नाही काढली तर एक दिवस ती पोटात फुटायची. डॉक्टरणीनं तेही सांगितलं होतं.

तेव्हा त्यानं ठरवलं, काढायची नाही आणि कुणाला कळूही द्यायचं नाही. माहीत होतं ते एकट्या लेकीला. लामदुआन रायोंगच्या कारखान्यात काम करून दोन वर्षांपूर्वी परत आली होती, आणि तेव्हापासून चूल तिच्याच ताब्यात होती.

"डाव्या खड्याला रानविड्याची पानं चालत नाहीत," ती म्हणायची. "आंबवलेली मासळीही नको, खारट असते. उजव्याला चरबी नको, नारळाचं दूध नको."

"मग मी खाऊ काय, चटई?"

"उकडलेला भोपळा खा. वाफवलेला मासा खा. आणि पाणी प्या, फो. म्हैस तुमच्यापेक्षा जास्त पिते."

"तिला लाप करायला जायचं नसतं."

बापाला फो म्हणणारी ही पोर सरळ त्याच्यासमोर बसून तोच भोपळा खायची, म्हणून त्याला रागावताही येईना. पण गावाचं काय करणार? आमच्याकडे भेटल्यावर लोक कसे आहात असं विचारत नाहीत, जेवलात का विचारतात, आणि नाही म्हणालात की हाताला धरून बसवतात. चिकट भाताची करंडी एक, ताट एक, सगळ्यांचे हात त्यात. नको म्हटलं की दहा जण कारण विचारणार. थोंगदाम मग घास घ्यायचा, तळहातात लपवायचा आणि कुत्र्याला टाकायचा. गावातली कुत्री गब्बर झाली आणि तो वाळत चालला. त्याच्याबरोबर खिमा तोडणारा बुनयोंग म्हणायचा, "खडाच ना तुला? अननसाच्या मुळांचा काढा पी. माझा पडला, तुझाही पडेल." त्याला कसं सांगणार, की हा खडा त्या वाटेनं पडत नसतो!

अशात सरपंचाच्या मुलीचं लग्न निघालं.

पहाटे बैल कापला. थोंगदाम चिंचेच्या ओंडक्यापुढे बसला आणि दोन्ही हातांनी सुरे चालवू लागला. भोवती माणसं जमलेली, थट्टामस्करी चाललेली. लाप कालवताना चाखल्याशिवाय गत्यंतर नाही. एकदा चाखला. चरबीचा खिमा घालून पुन्हा चाखला. तेवढ्यात सरपंच आला, मांडीवर बसकण मारल्यासारखा अगदी चिकटून बसला आणि भाजलेल्या चरबीचा तुकडा त्यानं थोंगदामच्या तोंडासमोर धरला.

"घ्या लुंग! पोरीच्या लग्नाचा घास आहे."

लग्नाचा घास नाकारणं म्हणजे पोरीचं वाईट चिंतणं. सगळे बघत होते. थोंगदामनं तोंड उघडलं. लांब चुलीपाशी लामदुआन उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

फार वेळ लागला नाही. उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळली आणि ती कळ पाठीतून खांद्यापर्यंत चढली. त्याला ओरडायचं होतं. आडवं पडायचं होतं. पण पडला की कळणार, कळलं की इस्पितळ, आणि इस्पितळ म्हणजे दी गेली. म्हणून तो हसत बसला. घाम टपटप खिम्यात पडायला लागला तेव्हा लामदुआन धावत आली.

"फो, तुम्हाला नवरीची आजी बोलावतेय, पोरीच्या मनगटाला आशीर्वादाचा दोरा बांधायला," ती मोठ्यानं म्हणाली. "मी कालवते तोवर." आणि पित्ताची वाटी तिनं त्याच्या हातातून काढून घेतली.

तो कसाबसा पाण्याच्या रांजणांमागे पोचला आणि भिंतीला धरून ओकला. मांडवातून आवाज येत होते. "वा! थोंगदाम तो थोंगदाम! याला म्हणतात पोटात दी असणं!" लोक बोटं चाटत होते. त्याला मात्र समोरचं दिसेनासं झालं होतं.

लामदुआननं त्याला मागच्या दारानं पिकअपमध्ये घातला. इस्पितळात पोचेपर्यंत अंगात ताप भरला. डॉक्टरीण आली, पोटाला हात लावला, तेव्हा तो किंचाळला.

"लुंग, आता वेळ नाही. आजच काढायला हवी. फुटली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"नको," थोंगदाम म्हणाला. "लामदुआन, मला घरी ने."

"फो, मराल!"

"मरू दे. दी घेऊन मरेन. फूमीसारखा अंगणात बसून माश्या मारायच्या नाहीत मला."

डॉक्टरीण लामदुआनकडे बघून बाहेर गेली. पडद्याआड दोघंच राहिले. लामदुआननं पोलक्याची कड वर केली आणि त्याचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. उजव्या बरगडीखाली, जुनी, गुळगुळीत झालेली खूण.

थोंगदामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हाही त्यानं हात मागे घेतला नाही.

"कधी?"

"रायोंगला असताना."

"मला नाही सांगितलंस?"

"सांगायलाच फोन केला होता. इस्पितळातनं. भीती वाटत होती म्हणून. तुम्ही मला बोलूच दिलं नाही. फूमीला कसा घरी बसवला ते सांगत होतात. किती हसत होतात, फो! मी म्हटलं, बरं झालं. आणि फोन ठेवला."

दोन वर्षं त्यानं तिच्या हातचं खाल्लं होतं. आजचा लापही तिनंच कालवला होता, बिनदीच्या पोरीनं, आणि अख्खा मांडव त्यालाच वाहवा देत होता. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली एकुलती एक पोर परक्या गावी एकटी पोट फाडून घेत होती आणि आपण फोनवर दात काढत होतो.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "फार चुकलं."

तिनं मान हलवली. डोळे पुसले, त्याचेही पुसले. "मग बोलावू त्यांना?"

"बोलाव."

डॉक्टरीण आली, मागोमाग दोन परिचारिका आल्या. त्यांनी त्याला चाकांच्या पलंगावर घेतलं. लामदुआन पलंगाला धरून बरोबर चालू लागली. त्याला वाटलं, आता हिला सांगावं, गावात जा, खरं काय ते सगळ्यांना सांग, तुझं आणि माझंही. ओठांवर आलंसुद्धा. पण तेवढ्यात डोळ्यांपुढे त्याला सरपंच दिसला, बुनयोंग दिसला, फडक्यात गुंडाळलेले सुरे दिसले.

"लामदुआन," तो हळूच म्हणाला, "गावात कुणी विचारलं तर... मुतखडा काढला म्हणून सांग."

लामदुआन चालता चालता थांबली. पलंगावरचा तिचा हात सुटला.

"सांगते, फो," ती म्हणाली. "माझ्या वेळी कारखान्यात मीही तेच सांगितलं होतं."