पाहुण्याची वही

कुत्रा सात वर्षांचा होता. आश्रयकेंद्रातल्या बाई म्हणाल्या, "पिल्लू नाही, त्यामुळे जुन्या सवयी घेऊनच येईल. चौदा दिवस ठेवून बघा. जमलं तर घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या सह्या लागतील. नाही जमलं तर मी येऊन परत घेऊन जाईन."

घरात मोठी माणसं तीन: मी, नवरा आणि सासरे. नवऱ्याने आणि मी त्याच दिवशी सही केली. सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, अडली.

"घरात मुतणार नाही हे दाखव, मग सही," ते म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत. अंदाजपंचे चालणारी वस्तू त्यांना खपत नाही. कुत्र्याला नाव ठेवायलाही त्यांनी हरकत घेतली. "आधी राहू तर दे. तोवर पाहुणाच." मग तेच नाव पडलं.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन आठवड्यांची रजा घेतली, कोरी वही काढली आणि रकाने आखले: वेळ, जागा, प्रमाण, कारण.

पहिल्या दिवशी दोनदा. दोन्ही वेळा दाराजवळच्या चपलांच्या स्टँडपाशी. काय करायचं ते मी वाचून ठेवलं होतं. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. लगेच बाहेर न्यायचं आणि तिथे केलं की बिस्कीट द्यायचं. मी अगदी तसंच केलं. चौथ्या दिवशी तीनदा झालं, आठव्या दिवशी सहादा.

आकडे खाली यायला हवे होते, ते वर चालले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी लघवी तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं. तो किती पाणी पितो ते मी मापाच्या भांड्याने मोजलं. तेही ठीक होतं. मठ्ठ म्हणावा, तर 'बस' म्हटलं की बसायला तो तिसऱ्याच दिवशी शिकला होता.

"पालथ्या घड्यावर पाणी," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"घडा पालथा नाहीये बाबा. बस म्हटलं की बसतो."

"मग बसून मुतत असेल."

नवरा हसत सुटला. मला हसू आलं नाही. 'कारण' हा रकाना अजून पूर्ण कोरा होता, आणि सहा दिवस उरले होते.

अकराव्या दिवशी दुपारी मी वही घेऊन बाबांच्या खुर्चीजवळ गेले. ती खुर्ची दारासमोरच असते. "घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही," मी म्हटलं.

त्यांनी वही घेतली, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. पाहुणा खाली बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"तो दाराशी उभा राहतो, ते यात कुठे आहे?"

"कधी उभा राहतो?"

"रोजच की. येतो, दाराकडे तोंड करून उभा राहतो, मग तुझ्याकडे बघतो. तू वहीत. मग जातो बिचारा स्टँडकडे. की तू टुणकन उठतेस, वेळ लिहितेस, पट्टा काढतेस, बाहेर फिरवून आणतेस, वर बिस्कीट."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"इतकं लिहितेस, मला वाटलं त्यात हेही असेल."

प्रयोगशाळेत नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. नमुन्यांबरोबर एक बाटली शुद्ध पाण्याची ठेवायची, जिच्यात काहीही सापडायला नको, आणि काही सापडलं नाही हेसुद्धा लिहायचं. इथे मी फक्त ओल्या फरशीची नोंद केली होती. कुत्रा गुपचूप उभा होता, त्यासाठी रकानाच नव्हता. दार उघडून घ्यायचा खात्रीचा मार्ग त्याला मीच शिकवला होता, तोही बिस्किटासकट.

त्यानंतर तो दाराशी आला की दार उघडायचं, असं ठरलं. "उठला बघ तुझा पाहुणा," बाबा हाक मारायचे आणि मी हातातलं टाकून धावायचे. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, तेव्हा बाबाच चपला घालून त्याला घेऊन निघाले. परत आले ते कुरकुरतच.

"कोपऱ्यावरच्या खांबापुढे येतच नाही हा. का ते विचार त्याला."

"मी कसं विचारू?"

"मग वहीत कसं लिहितेस?"

बाराव्या दिवशी एकदा. तेराव्या दिवशी शून्य, आणि ते शून्य मी लिहिलं.

चौदाव्या दिवशी बाई पाच वाजता येणार होत्या. चार वाजता मी पाव आणायला गेले आणि चार पंचविसाला परतले. स्टँडजवळची फरशी नुकतीच पुसलेली होती. फिनेलचा वास येत होता. बाबा खुर्चीत होते, आणि पाहुणा त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता.

"काय झालं बाबा?"

"पाणी सांडलं माझ्याकडून."

"पाण्याला फिनेल?"

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, त्याला चार वर्षं झाली. तेव्हा त्यांना सापडावं म्हणून मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती. त्यांनी ना कधी बरं म्हटलं, ना काढ म्हटलं. या चार वर्षांत त्यांनी पुसायचं फडकं हातात घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

ते फडकं न्हाणीघरात बादलीच्या काठावर होतं. मी ते उचललं. फिनेलखालचा वास नाक जवळ नेल्यावर कळला असता. मी नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात घंटा वाजली.

"घरात घाण करतो का?" बाईंनी कागद काढून विचारलं.

"आधी करायचा," बाबा म्हणाले.

"आणि आज?"

"आज पाणी सांडलं. माझ्याकडून." त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली, घड्याळाच्या काट्यासारखी बारीक, सरळ.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला नीट सांगता येणार नाही. पण त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

त्या गेल्यावर मी वही उघडली. वेळ: चार ते चार पंचवीस. जागा: चपलांचा स्टँड. प्रमाण: माहीत नाही. तिकडे बाबा पट्टा शोधत होते, आणि पाहुणा दाराकडे तोंड करून उभा होता. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं: पाणी सांडलं, बाबांकडून.