कापसानं भरलेलं घर

मनकर्णाच्या बापानं वलगावात, पेढी नदीच्या काठी, तिला आंदण दिलेलं ते मातीचं घर एक अख्खा हिवाळा ढग होऊन राहिलं होतं.

तिचा नवरा सूर्यभान फुलमाळी. अमरावतीला देवीपुढं शेवंती विकणारा माणूस. पण त्या साली सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसात लढाई चालली होती. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सूर्यभाननं घर गहाण टाकलं, आसपासच्या गावांतला कापूस विकत घेतला आणि घरातच भरला, पार आढ्यापर्यंत. दोघं त्याच्यावरच निजायची. हात वर केला की छपराचं कवेलू लागायचं. बोलणं कापसात बुडून मऊ होऊन यायचं, जसं कुणी दुसऱ्याच गावाहून बोलतंय.

होळीला सूर्यभान म्हणाला होता, "आता इकून टाकतो."

ती पालथी पडून हसली होती. "राहू द्या ना जरासा! इतकं मऊ घर मले पुन्हा कधी भेटन?"

वैशाखात लढाई थांबली. कापूस नुसता कापूस उरला. तो मातीमोल गेला, कर्ज तेवढं राहिलं.

त्याला आता वर्ष होत आलं. सूर्यभान तेव्हापासून तिच्याशी कामापुरतं बोलायचा. आज घर सोडायचं होतं. अकोल्याला तिच्या बहिणीकडं जायचं ठरलं होतं. पण तो तिथवर सोबत येईल की वाटेतच कुठं निघून जाईल, हे तिला उमगत नव्हतं.

अंगणात कडुनिंबाचा मोहर गळत होता. सावकार नत्थुजी कुलूप घेऊन आले. त्यांनी गहाणखत उलगडलं. घर तिच्या नावचं, म्हणून खाली तिची निशाणी होती. शाईत बुडवून उमटवलेली बांगडी. पुनवेच्या चंद्रासारखी गोल.

"हे तुहीच ना, बाई?"

"माहीच. अन् दोष बी माहाच. होळीले हे इकत होते, म्याच थांबवलं."

भिंतीशी बसलेला सूर्यभान उठला. "बाप्पा! म्हणे हिनं थांबवलं! मले का वेसण घातली होती? मलेच आणखी भाव पाह्यजे होता. सालभर मनातल्या मनात तुह्यावर ढकलत राहिलो, अन् तुह्याकडं पाहायची लाज वाटे."

"भांडा, भांडा. मले कुलूप लावू द्या पह्यले," नत्थुजी म्हणाले. "लढाई थांबते हे मले तरी कुठं माहीत होतं? माहीत असतं तं पैसा दिला असता का? सारी अमरावती शिव्या देऊन राहिली, थांबली काहून म्हणून."

मनकर्णाला दिसलं एक दूरचं दार, कुठल्या मुलखातलं कोण जाणे. दारात धुळीनं माखलेला माणूस, खांद्यावरची बंदूक उतरवत असलेला. आणि आतून धावत येणारी एक बाई, पिठाच्या हातांनी.

"तिचा घरधनी घरी आला असन," ती हळूच म्हणाली. "तिले कशी शिवी देऊ?"

कुलूप लागलं. सूर्यभाननं बोचकं डोक्यावर घेतलं. "चाल."

रोज पुढं पुढं चालणारा माणूस आज बाभळीपाशी थांबला, तिच्यासाठी. त्याच्या पागोट्याला कापसाचा एक पुंजका चिकटला होता, दाराच्या फटीतला. तिनं तो काढला नाही. चालता चालता गुणगुणली :

कापसाचं माहं घर, वारा शिरला दारातून,
सांगा बाई कोनं नेला, ढग गेला शिवारातून.

"अकोल्याले बहीण इचारन, घर कोनं घालवलं," ती म्हणाली.

सूर्यभान म्हणाला, "सांगू, दोघांनी. निजलो बी दोघंच होतो त्याच्यावर."