बाईसाहेब उठत नाहीत

चावी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला. तिने स्टार्टर मारला. इंजिन एकदा हुंकारलं, क्षणभर चाललं आणि बंद पडलं. मग नुसतंच खर्रर्र, खर्रर्र.

"हीटरचा दिवा विझू दे आधी!" वरच्या खिडकीतून नवरा ओरडला. तोंडात टूथब्रश होता, त्यामुळे सल्ला फेसासकट आला.

"विझलाय!" ती खालून ओरडली.

"मग ॲक्सिलरेटर दाब थोडा!"

"दाबलाय!"

"जास्त नको दाबूस!"

तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. जरा दम खाऊन पुन्हा स्टार्टर मारला, पुन्हा, पुन्हा. कधीतरी इंजिनाने धरलं, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, गाडी नखशिखांत थडथडली आणि बाईसाहेब एकदाच्या जाग्या झाल्या.

बाईसाहेब हे गाडीचं नाव. सासऱ्यांनी ही डिझेल गाडी घेतली तेव्हा नवरा शाळेत होता. आता नजर अधू झाल्यामुळे सासऱ्यांना ती चालवता येत नव्हती, पण विकायचा विषय काढला की ते भरल्या ताटावरून उठायचे. शेवटी त्यांनीच वाटणी करून दिली होती: कामाचे दिवस सुनेकडे, शनिवार-रविवार लेकीकडे. सून फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या लोकांकडून व्यायाम करून घ्यायला ती घरोघर जायची. वॉकर, रबरी पट्टे, मोठा चेंडू, गुंडाळलेली गादी हे सगळं लटांबर घेऊन बसमध्ये चढणं शक्यच नव्हतं. नवऱ्याचं ऑफिस मात्र पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे गाडीशी त्याचा संबंध फक्त मतं देण्यापुरता उरला होता.

पण खरा वैताग गाडीचा नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. तो होता नणंदेचा.

"अगं, आमच्याकडे तर चावी फिरवली की सुरू!" नणंद दर सोमवारी फोनवर सांगायची. "काल सकाळी तर मी दिवासुद्धा नीट पाहिला नाही. लगेच सुरू. तू फार जोर लावतेस का गं? हात हलका हवा."

"चावीला काय हलका हात लागतो, ताई?"

"म्हणून तर होतं असं," नणंद म्हणायची.

नवऱ्याच्या मते दोष बॅटरीचा होता. नवी बॅटरी बसवली. आता खर्रर्र जास्त जोरात व्हायला लागलं, एवढाच फरक. मिस्त्रीच्या मते थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले होते. ते सगळे बदलले. पहिल्याच सकाळी बाईसाहेब पुन्हा हुंकारल्या आणि झोपल्या. मग मिस्त्रीने गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवून घेतली आणि सकाळी उघड्या आवारात, तिच्यादेखत, चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली, जणू कधी काही झालंच नव्हतं.

"मॅडम, गाडी ओके आहे," मिस्त्री म्हणाला. पुढचं तो बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं.

"म्हणजे मला सुरू करता येत नाही?"

"तसं कुठं म्हटलं मी? पण इथं तर..." त्याने दोन्ही हात पसरून गाडीकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी घरी गाडी रोजच्यासारखीच अडून बसली. तिने मिस्त्रीला फोन लावला आणि तो उघड्या बॉनेटजवळ धरून स्टार्टरचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, "असं करा, अजून एक दिवस बघा." तिने फोन इतक्या जोरात सीटवर फेकला की तो खाली पेडलपाशी जाऊन पडला, आणि तो काढताना तिचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

त्या दिवशी ती टॅक्सी करून गेली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाई कपडे करून, काठी धरून दारातच बसल्या होत्या. "मी दुखण्यातून उठून वेळेवर तयार होते," त्या म्हणाल्या, "आणि धडधाकट माणसांना उशीर होतो." तिने गादी पसरली. बोलणार काय? गाडी उठत नाही म्हणून सांगावं, तर नवी बॅटरी, नवे प्लग, आणि मिस्त्रीची ग्वाही की गाडी ठणठणीत आहे.

त्या रविवारी नणंद गाडी परत द्यायला आली ती जेवायलाच थांबली. जेवणं आटोपल्यावर तिने सासऱ्यांसमोर विषय काढला.

"बाबा, मी काय म्हणते, गाडी आमच्याकडेच राहू दे. इथे तिला मानवत नाही. उगाच रोज खरखर करून एखाद दिवशी इंजिन बसायचं."

सासरे टेबलावरचे कण बोटाने गोळा करत राहिले. "तसंही असेल," ते हळूच म्हणाले.

"तसं कसं असेल?" सुनेचा आवाज चढला. "गाडी काय माहेरपणाला जाते का तिकडे? काहीतरी कारण असणार ना! माझ्याकडे कुणी गुडघा दुखतो म्हणून आलं तर मी विचारते, कधी दुखतो, बसल्यावर की उठताना. या गाडीला इतक्या दिवसांत कुणी एक प्रश्न विचारला नाही. सगळे मलाच औषध देतायत."

"चिडू नकोस गं," नवरा म्हणाला.

"मी चिडणार!" असं म्हणून ती ताटं उचलून आत गेली.

उत्तर मिळालं ते तिच्या हुशारीने नाही, शेजाऱ्यांच्या कपाटामुळे. घरासमोरची फरशीची जागा रस्त्यापासून दाराकडे चढत जायची. ती रोज गाडी सरळ आत घालायची, नाक दाराकडे, म्हणजे वर. एका संध्याकाळी शेजाऱ्यांचं सामान घेऊन आलेला टेम्पो रस्त्यात आडवा उभा होता. कामगारांनी कपाट अर्धवट उतरवलं होतं आणि ते ना आत जात होतं ना परत टेम्पोत. तिला वळायलाच जागा मिळेना. शेवटी ती पलीकडून फिरून आली आणि गाडी उलटी घातली. नाक रस्त्याकडे, उताराला.

सकाळी चावी फिरवली आणि बाईसाहेब पहिल्या झटक्यात सुरू झाल्या. खिडकीत आलेला नवरा तोंड उघडं ठेवूनच आत गेला.

तिचा विश्वास बसला नाही. त्या रात्री तिने गाडी मुद्दाम सरळ लावली. सकाळी खर्रर्र. मग उलटी. सकाळी सुरू. पुन्हा सरळ, पुन्हा खर्रर्र. तिने इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. नणंदेच्या इमारतीतलं पार्किंग सपाट. मिस्त्रीचं आवार सपाट. राग इतका उसळून आला की हसूही फुटलं.

तिने नणंदेला फोन केला. "ताई, शुक्रवारी राहायलाच या. शनिवारी सकाळी इथूनच घेऊन जा गाडी."

शनिवारी सकाळी गाडी नाक वर करून उभी होती. मिस्त्रीलाही तिने बोलावून ठेवलं होतं. सासरे पायरीवर खुर्ची टाकून बसले. नणंद ऐटीत आत बसली, दोन बोटांत चावी धरून तिने ती अगदी हळुवार फिरवली. इंजिन हुंकारलं, क्षणभर चाललं, बंद पडलं. खर्रर्र. तिने पुन्हा फिरवली. मग मूठ आवळून फिरवली.

"ताई, हात हलका," सून म्हणाली.

नणंदेने तिच्याकडे असं पाहिलं की सासऱ्यांना खोकला आला.

सुनेने मिस्त्रीला चढ-उताराची गोष्ट सांगितली. ती संपायच्या आतच त्याने कपाळाला हात लावला. "अहो, मग डिझेलची लाईन कुठूनतरी हवा घेतेय! नाक वर असलं की रात्रीत सगळं डिझेल मागे टाकीत उतरतं. सपाटावर तेवढं उतरत नाही." त्याने बॉनेट उघडलं, डिझेल फिल्टरवरचा रबरी पंप दाबून पाहिला. तो फुस्स करून बसला. मग त्याने फिल्टरची कडा बोटाने चाचपली, वास घेतला आणि मान वर केली.

"हा फिल्टर कुणी बदलला? मी नाही बदललेला."

सुनेने नणंदेकडे पाहिलं, नणंदेने सासऱ्यांकडे. मग तिघांनीही एकदम नवऱ्याकडे पाहिलं. तो खिशात काहीतरी शोधत होता.

"व्हिडिओ बघून केला होता," तो म्हणाला. "सोपं होतं तसं."

"फिल्टरची रबरी रिंग नवी घातली?" मिस्त्रीने विचारलं. "तिथूनच हवा शिरतेय."

"जुनी चांगली दिसत होती."

"अरे गाढवा," नणंद गाडीतून उतरत म्हणाली, "आम्ही इथे एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात आणि तू मूग गिळून बसलास?"

"मला वाटलं, त्याचा काय संबंध!" नवरा म्हणाला. "फिल्टर आणि सुरू होणं वेगळं असतं ना?"

सुनेच्या ओठांवर पुष्कळ शब्द आले. बॅटरी, प्लग, फेसातले सल्ले, रोजच्या सकाळी. सासरे समोर होते म्हणून तिने ते सगळे गिळले आणि एवढंच म्हणाली, "आज दिवसभर माझ्याशी बोलू नकोस." तो बोलला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने घरातले सगळे पंखे पुसून काढले.

मिस्त्रीने नवी रिंग बसवली, पंप दाबून हवा काढली आणि गाडी सुरू केली. जाताना म्हणाला, "मॅडम, मी पण तुम्हालाच धरलं होतं, चुकलंच." ती रात्र नणंदही थांबली, कारण गाडी नाक वर ठेवून पाहायची होती. रविवारी सकाळी बाईसाहेब एका झटक्यात उठल्या.

नणंदेने सुनेला शेजारी बसवलं आणि दोघी भाजी आणायला निघाल्या. बाजारात गाडी उभी केल्यावर नणंद उतरेना.

"बाबांनी तुझ्या नवऱ्याला याच गाडीवर शिकवलं," ती म्हणाली. "मी मोठी, पण मी मागच्या सीटवर. मला म्हणायचे, तुला शिकवू नंतर. मी लग्नानंतर शिकले, क्लासच्या गाडीवर. म्हणून वाटत होतं, निदान आता तरी ही माझ्याकडे यावी."

"मग सरळ मागायची ना, ताई. माझ्या हातावर कशाला घसरलात?"

"सरळ मागितलं असतं तर बाबा म्हणाले असते, नंतर बघू."

सुनेला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण गेले कित्येक दिवस चिडून चिडून ती इतकी थकली होती की नवा राग धरायला अंगात त्राण नव्हतं.

"शुक्रवारी संध्याकाळीच घेऊन जात जा," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं काम दुपारीच संपतं. पण रविवारी रात्री परत हवी. आणि यापुढे काही बिघडलं, तर आधी मला विचारायचं, मग बोलायचं."

"हो बाई," नणंद म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरली.