पुसलेली ओळ

...निळा ठिपका, मोहरीएवढा, लेकीच्या नावापुढे, तिनं काही नवं लिहिल्याची खूण — मेणात पुढचा दात बसवता बसवता त्याची नजर फोनकडे गेली आणि दात तिरका बसला.

कवळ्या करणाऱ्याचा हात स्थिर हवा. पण हल्ली हात मेणात आणि जीव फोनमधल्या त्या ॲपमध्ये, जे लोकांच्या पोस्ट परस्पर गोळा करून आणायचं. निवडणुका, पूर, कुणाच्या मांजरांचे फोटो — सगळं जग तिथे एकाखाली एक येऊन पडायचं आणि तो ते भराभर वर सारायचा, कारण त्या गर्दीत कुठेतरी ती असायची. इथून वाचलं की तिला कळत नाही, तेवढंच त्याला हवं होतं... कळलं असतं तर? इथे हाताखाली शिकत होती तेव्हा गिऱ्हाइकांदेखत म्हणालो होतो मी तिला, तुझ्या हाताला वळण नाही म्हणून — तिनं एप्रन काढून खुंटीला लावला, तो अजून तिथेच लटकतोय, आणि त्यानंतर बापलेकीत शब्द नाही.

त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं.

‘आज कुठूनसा मेणाचा वास आला. बाबांना फोन करावा का?’

खाली लोक काय म्हणताहेत ते पाहायला त्यानं तिचं मूळ पान उघडलं, तर तिथे — ही पोस्ट काढून टाकली आहे. तो मागे आला. ॲपमध्ये ओळ तशीच. तिनं पुसायच्या आधीच ॲपनं उचलून ठेवलेली.

दार लोटून बायको डबा घेऊन आली.

“सगळ्या दुनियेची खबर घेता. पोटच्या पोरीची तेवढी घ्यायला जड जातं.”

“बरी आहे ना ती?”

“मला काय विचारता? तोंड तिलाही आहे, तुम्हालाही आहे. एकाच साच्यातले दोघं.”

ती गेली. डबा तसाच राहिला.

करावा फोन? पण तिनं ते मागे घेतलंय... देवापुढे कुणी पुटपुटावं, आपण खांबाआडून ऐकावं आणि वर हाक मारून उत्तर द्यावं, तसं ते होईल. शिवाय, तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं तर? — आणि न विचारताच गप्प राहिली तर?

तिनं निदान लिहून पुसलं. आपण तर पुसण्यापुरतंही कधी काही लिहिलं नाही.

त्यानं फोन उपडा ठेवला. सुलटा केला. मेण आहे तोवर दात हलवता येतो — हे तिला पहिल्या दिवशी त्यानंच सांगितलं होतं, तिचं बोट आपल्या बोटात धरून. त्यानं तिरक्या दाताला हात लावला. मेण अजून कोमट होतं; दात सरळ करून त्यानं फोन उचलला आणि तिचा नंबर काढला.