कांदेलाची शिट्टी

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही. पाद्रीबाबांचाही बसला नाही, आणि ते तर माशाच्या पोटात तीन दिवस राहून परत आलेल्या माणसावर बिनदिक्कत विश्वास ठेवतात.

कोसुमेल बेटाच्या धक्क्यामागे बदामाच्या झाडाखाली आमचा डोमिनोचा डाव बसतो. त्या दिवशी फिदेलिया शेजारी पानुचो तळत होती आणि समोर नासारियो सोंगट्या पालथ्या घालत होता. नासारियो आणि मी अठरा वर्षं एकाच ठिकाणी नोकरीला होतो. समुद्रातच जाळी लावून डॉल्फिन कोंडलेले. जहाजातून उतरलेले पाहुणे नारिंगी जाकिटं घालून त्यांचा पंख धरायचे, दहा मिनिटं पोहायचे, मुका घ्यायचे आणि त्या मुक्याचा फोटो विकत घ्यायचे. मी मासे भरवणारा, नासारियो फाटकांचा राखणदार.

"आज कांदेलाची गोष्ट सांगतो," मी म्हणालो.

"कुंपणावरून उडी मारून गेली तीच ना?" फिदेलिया म्हणाली. "ती ऐकून माझी कढई गंजली, एवारिस्तो."

"ती आमच्या मालकांसाठी, इंजिनियरसाहेबांसाठी होती. खरी वेगळीच आहे."

नासारियोने नुसती मान वर केली आणि परत खाली घातली.

आमच्या धंद्याचा एक नियम. डॉल्फिनने काम नीट केलं की शिट्टी वाजवायची, आणि शिट्टी वाजली की मासा द्यायचाच. चुकून वाजली तरी द्यायचा, कारण शिट्टी एकदा खोटी पडली की जनावर तुम्हाला विचारत नाही. वर्षानुवर्षं हे केलं की हात आपोआप बादलीत जातो. माझ्या मेहुण्याच्या लग्नात कुणीतरी शिट्टी मारली, तर मी नवरीच्या अंगावर ताटातलं कच्च्या माशाचं सेविचे फेकलं.

"हे खरं आहे," फिदेलिया म्हणाली. "मी तिथे होते."

कांदेला डॉल्फिनला मी अकरा वर्षं भरवलं. एके दिवशी तिने त्या शिट्टीचा आवाज उचलला, हुबेहूब. पाण्यातून डोकं काढून वाजवायची, की आम्ही चौघं भरवणारे चार बाजूंनी बांगडे फेकायचो. सहा महिन्यांत ती एवढी फुगली की पाहुण्यांना पंखापर्यंत हात पोचेना. मुका नाही, उडी नाही, नुसती शिट्टी. एकदा खुद्द इंजिनियरसाहेब काठावरून चालले होते. शिट्टी ऐकून त्यांनी हातातला मोबाईलच फेकला. तिने तो हुंगला आणि परत त्यांच्या अंगावर भिरकावला.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, सोमवारी क्रेन येईल. डोंगरातल्या कुठल्याशा शहरात छपराखाली निळ्या रंगाची टाकी होती, तिथे हिला विकली. मी म्हणालो, साहेब, तिथे समुद्र नाही. ते म्हणाले, रंग निळाच आहे.

"मग तू काय केलंस?" फिदेलियाने झारा थांबवला.

"मी काय करणार? जे केलं ते तिने."

रविवार, भर दुपार. सगळे जेवायला वरच्या छपरात गेले. कांदेलाच्या बाहेरच्या कोंडवाड्यात बारा पाहुणे आणि काठावर मी. तिने शिट्टी वाजवली, एक पाहुणा दचकून गोल फिरला. तिने लगेच माझ्या बादलीतला बांगडा चोचीने उडवून त्याच्या हातात दिला. त्याला आनंद झाला. दुसऱ्या शिट्टीला दोघं फिरले, पाचव्या शिट्टीला बाराही जण हात वर करून पाण्यात उड्या मारत होते. एक बाई तर शेपटीवर उभी राहिली असती, तिला शेपटी नव्हती म्हणून राहिलं. मग कांदेला एका टकल्या पाहुण्याला घेऊन समुद्राकडच्या फाटकापाशी गेली.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या फाटकांना कुलूप नसायचं, खाऱ्या पाण्यात ते महिनाभर टिकत नाही. दोरी असायची. प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि ज्याची गाठ त्याची जबाबदारी. तिने शिट्टी वाजवली, टकल्याने दोरी ओढली. परत शिट्टी, परत ओढली. गाठ सुटली, फाटक उघडलं. ती बाहेर पडली, वळली, माझ्याकडे पाहून एकदा वाजवली. माझ्या हातून शेवटचा बांगडा गेलाच. तो तिने हवेतच झेलला. पाहुणे तासाभरात जहाजावर चढले, म्हणून साक्षीला कुणी नाही.

फिदेलिया फडक्याने डोळे पुसत होती, धुराने असेल. "आणि ते फाटक?"

"त्याच टकल्याने बांधलं. ती माणसं शिस्तीची. उघडलेलं दार लावून जातात."

नासारियोने हातातली सोंगटी मांडली. दोन्हीकडे सहा.

"जेवून पहिला मी उतरलो होतो," तो म्हणाला. "पाहुणे बाराही वर माझ्यासमोर कोंबडी खात होते. ते असो. फाटक बांधलेलं होतं."

"तेच तर म्हणतोय."

"बाहेरून दोन वेढे, तिसरा उलटा, टोक आत खोचलेलं. ही गाठ या बेटावर दोघंच बांधायचे. एक तुझा बाप, तो वारला त्याला तीस वर्षं झाली."

मी सोंगट्या मोजू लागलो.

"साहेब जिना उतरत होते आणि मला ती सुटेना. शेवटी दातांनी सोडली आणि माझी बांधली," नासारियो म्हणाला. "खोटं बोलतोस, एवारिस्तो. टकल्याबिकल्या कुणी नव्हता. फाटक तू उघडलंस, आणि गाढवा, सवयीने परत बांधूनही ठेवलंस."