चाळीस जणांचा एक हात

हैदराबादेत कुकटपल्लीच्या सरकारी पंप-कारखान्यात भट्टीवर माणसं चाळीस होती, पण रक्तदाब मोजायला हात एकच होता, शिवराजचा.

ही सोय भट्टीवरच्याच, युनियनच्या हिम्मतरावांनी लावलेली. दाब वाढलेला दिसला की माणसाला भट्टीवरून हलवत आणि त्याचा भत्ता बंद होई. म्हणून दरवर्षी तपासणीला कंपाउंडर उमाजी बाहेर एकेक नाव पुकारी आणि पडद्याआड चाळीसही वेळा शिवराजच बाही सारून बसे; डॉक्टर मान वर न करता आकडा लिहीत. त्या हातात रक्त नव्हतंच, हुसेनसागर तलावाचं निवांत पाणी होतं. शेजारी बॉयलर फुटला तरी एकशेवीस-ऐंशी. स्वतःच्या लग्नात अक्षता पडताना उमाजीने पट्टा बांधून पाहिला, तरी तेच. एका साली तर दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या फिटरचाही दाब एकशेवीस-ऐंशी भरला, आणि डॉक्टरांनी प्रकृती उत्तम असल्याचा शेरा मारला.

अठरा वर्षं हे सुखात चाललं. मग कारखाना विकला गेला आणि नव्या मालकाने दवाखान्यात पुण्याची डॉक्टर मेधा आणून बसवली. हिम्मतरावांचे पाय सुजून बुटात मावेनात, तेव्हा तिने त्यांचा स्वतःचा हात मागितला. पारा दोनशे दहावर गेला. मग रक्त तपासलं, लघवी तपासली.

"काका, मूत्रपिंडं निम्मी गेलीत."

"दाबानं?"

"नुसत्या दाबानं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले राखणदार. जंतू आला की त्याला मारायचं, एवढं त्यांचं काम. पण दाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की त्या बिथरतात. जंतू नसतानाही रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडांत घुसून घरच्यांनाच मारत सुटतात. त्यानं दाब आणखी चढतो. हे अलीकडेच कळायला लागलंय."

"म्हणजे आपलेच लोक."

"आपलेच."

नवा नियम तिने सांगितला. आजार नोकरीत जडलेला, जुना असेल तर औषधपाणी कारखान्याचं आणि निवृत्तीपर्यंत बैठं काम. नवा असेल तर पुढच्या महिन्यात घर. मग तिने रजिस्टर उघडलं. अठरा वर्षं, हिम्मतराव, एकशेवीस-ऐंशी.

"हा तर नवाच दिसतोय, काका."

हिम्मतराव आठ दिवस दवाखान्याकडे फिरकले नाहीत. खरं सांगितलं तर चाळीसही हात नव्याने मोजले जाणार, एवढ्यांना बैठं काम कुठलं, निम्मी भट्टी घरी बसणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण नवव्या दिवशी पाय चपलेतही मावेनात. ते मेधाकडे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

मेधाने शिवराजला बोलावलं. त्याच्यामागून बाकीचेही दाराशी येऊन उभे राहिले.

"अण्णा, कायकू असं बोलताय?" शिवराज हिम्मतरावांना मवाळपणे म्हणाला. "माझा हात माझ्या खांद्याला आहे. दुसऱ्याच्या नावावर कसा जाईल?"

"अरे, मेलेल्या फिटरचासुद्धा दाब तू देऊन आलास," हिम्मतराव म्हणाले.

दारातले हसले. मेधालाही हसू आवरेना. "उमाजी, त्या सालचं पान काढा."

"त्या सालचं वाळवीनं खाल्लं, बाई," उमाजी म्हणाला. "एवढंच खाल्लं बघा."

"दाब डोक्यात गेला अण्णांच्या," मागून कुणीतरी हळहळलं. "नक्को म्हणत होतो, एवढा ताण घेऊ नका."

मेधाने क्षणभर विचार केला आणि पट्टा शिवराजच्या दंडाला बांधला. खोटं बोलणाऱ्याचा दाब थोडा तरी हलतो, असा तिचा अनुभव. चाळीस माणसांच्या पोटाचा प्रश्न त्या खोलीत उभा होता, हिम्मतराव त्याच्याकडे टक लावून पाहत होते, आणि शिवराज छताच्या पंख्याकडे बघत बसला होता.

एकशेवीस-ऐंशी.

मेधाने पट्टा सोडला. हिम्मतरावांच्या कागदावर तिने लिहिलं: आजार नवा. त्याखाली, जरा थांबून, फार हळुवार मनाने: मधूनमधून भ्रम, भट्टीजवळ जाऊ देऊ नये.

पुढच्या महिन्यात हिम्मतरावांना फाटकापर्यंत सगळे पोचवायला आले. कुणी डबा घेतला, कुणी रिक्षा थांबवली, आणि शिवराजने अण्णांना दंडाला धरून सांभाळून आत बसवलं.