घुबडाच्या डोळ्यातला ठिपका

मी एक जुना खोडरबर आहे. आता जेमतेम बोराएवढा उरलो आहे, म्हणून मित्रांनो, जरा जवळ येऊन ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र आणि भलताच ऐटबाज होतो. कार्टून काढणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले आणि ती ऐट आठवडाभरात उतरली. बाई जितके काढत, त्याहून जास्त माझ्याकडून पुसून घेत. "आम्ही काढतो आणि हा नुसता घालवतो," असे म्हणून पेन्सिली मला हसत. मला फार वाईट वाटे.

मग घुबडाचे काम आले. लहान मुलांच्या मालिकेसाठी एक घुबड हवे होते. बाईंनी चष्मा लावलेले, डोळे गरागरा फिरवणारे घुबड काढले. मालिकेचे साहेब म्हणाले, "अहो, हे तर पिसं चिकटवलेले मास्तर वाटतायत! सोमवारपर्यंत जमवा, नाहीतर घुबड दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल." बाईंचा चेहरा पडला.

बाईंची मावशी पक्ष्यांची डॉक्टर. बाई मला घेऊन थेट तिच्या दवाखान्यात गेल्या. पंख दुखावलेले एक घुबड तिथे खिडकीपाशी बसले होते. बाई सकाळभर त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. काय ती चिकाटी! त्या डावीकडे सरकल्या की घुबडाची मान डावीकडे वळे, डोळे मात्र जागचे हलत नसत.

"मावशी, हे डोळे फिरवतच नाही गं!"

"फिरवेल कसं? घट्ट बसलेत ते. म्हणून तर मान फिरवतं बिचारं."

बाई खुदकन हसल्या आणि मी कामाला लागलो. चष्मा गेला, फिरणारी बुबुळे गेली. नवे घुबड गर्रकन मान वळवून पाठीमागे बघू लागले. पण डोळे? कोटाची बटणे जशी! बाईंनी ते दाबून दाबून काळेभोर केले, तरी उपयोग होईना.

"छान आहे गं, पण हे माझ्याकडे बघत नाहीये," मावशी म्हणाली.

बाई पुन्हा खऱ्या घुबडाकडे बघत राहिल्या. खिडकीचा उजेड त्याच्या डोळ्यांत चमकत होता. त्यांनी ब्लेड घेऊन माझा कोपरा टोकदार कापला. दुखले मला, खोटे कशाला बोलू? त्या टोकाने त्यांनी काळ्या डोळ्यातला इवलासा ठिपका पुसून पांढरा केला. मग दुसऱ्या डोळ्यातला.

"अगंबाई, जागं झालं की!" मावशी ओरडली.

सोमवारी चित्र बघता बघता साहेबांचीच मान इकडून तिकडे वळू लागली. "हेच पाहिजे! पण डोळ्यांत हे काय चमकतंय? कुठला रंग वापरलात?"

"रंग नाही, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला तळहातावर धरून दाखवले. पेन्सिली त्या दिवसापासून गप्प आहेत.

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतल्या माझ्या भावाला दातांनी कुरतडू नका, पेन्सिल खुपसून त्याला भोके पाडू नका. चित्र चुकले तर पान फाडू नका. आधी नीट बघा, मग आम्हाला हाक मारा. मी आता आणखी एखाद्या ठिपक्यापुरताच उरलो आहे. तो कुणाच्या डोळ्यात पडतो, याची वाट बघतो आहे.